दोराचं खालचं टोक

फेअर हेडच्या कड्याशी जायचं तर आधी गवत लागतं. बॅलीकॅसल गाव मागे पडतं, रस्ता अरुंद होत होत एका शेतघरापाशी संपतो, तिथं गाडी लावायची, पार्किंगचे पैसे टाकायचे आणि मग कुंपणावरच्या लाकडी पायऱ्या चढत-उतरत, मेंढ्यांच्या लेंड्या चुकवत, शेवाळी दलदलीत बूट रुतवत एका तळ्याच्या कडेनं चालत राहायचं. तळ्याच्या मधोमध कुण्या जुन्या काळच्या माणसांनी दगड रचून केलेलं अंडाकृती बेट आहे. त्याच्यावर आता झुडपं माजली आहेत. समुद्र अजून कुठंच नाही. कडाही नाही. नुसता वारा, आणि वाऱ्याला खारी चव. असं बराच वेळ चालल्यावर हिरवं एकदम तुटतं, आणि जिथं पुढचं पाऊल पडायचं तिथं उडणाऱ्या पक्ष्यांच्या पाठी दिसतात.

हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठाशी पालथं पडून ज्यानं पक्ष्यांच्या पाठी पाहिल्या आहेत, त्याला इथं काही समजावून सांगावं लागत नाही.

खाली शंभरेक मीटरचा सरळ कातळ. करडा; पाणी झिरपतं तिथं काळा, दगडफूल धरलंय तिथं पिवळट. उभे खांब एकाला एक लागून उभे, त्यांच्या मधल्या भेगा ओळंबा लावून सोडल्यासारख्या सरळ, आणि पायथ्याशी कड्यानंच युगायुगांत टाकून दिलेले प्रचंड धोंडे थेट पाण्यापर्यंत. पाण्यापलीकडे रॅथलिन बेट. हवा निवळली की त्याच्या उजवीकडे, दूर, एक निळसर पाठ वर येते, ती स्कॉटलंडची किंटायर. आयर्लंड बेटाचा हा ईशान्य कोपरा, अँट्रिम परगणा. इथं जमीन संपते खरी, पण समोर पुन्हा जमीन दिसत असल्यामुळे संपल्याचं दुःख होत नाही.

जमीन मोजणाऱ्याच्या नकाशावर हा अख्खा कडा म्हणजे एक रेघ आहे. मला हे फार उशिरा लक्षात आलं आणि लक्षात आल्यावर दिवसभर मी स्वतःशीच हसत होते. कुरणाला क्षेत्रफळ असतं, तळ्याला असतं, दलदलीलाही असतं. पण शंभर मीटर उभ्या भिंतीची सातबाऱ्यावर नोंद करायची तर किती गुंठे लिहाल? वरून पाहिलं तर तिला जाडीच नाही. इथल्या शेकडो चढाईवाटा, त्यांच्यावर खर्ची पडलेले उन्हाळे, सोललेली बोटं, मध्येच गोठलेले श्वास, हे सगळं त्या एका रेघेच्या आत मावलेलं. या रेघेचा मालक आहे. सरकार नाही, संस्था नाही. इथंच मेंढ्या आणि गुरं राखणारं, इथंच राहणारं शेतकरी कुटुंब. आणि रेघेला क्षेत्रफळ नसलं तरी तिच्यापर्यंत पोचायला ज्या हिरव्यातून जावं लागतं त्याला आहे. तिथं कुणाची तरी गाभण मेंढी चरते.

समोरच्या किंटायरवर २००३ च्या कायद्यानं चालणाऱ्याला आणि चढणाऱ्याला जवळपास सगळं रान मोकळं केलं. जबाबदारीनं वागा, एवढीच अट. अलीकडे, या काठावर, तसा कायदा नाही. उत्तर आयर्लंडात दुसऱ्याच्या जमिनीवर फिरण्याचा सरसकट हक्क कुणालाच नाही. पाणी तेच, पक्षी तेच, आणि तिकडे जे हक्कानं मिळतं ते इकडे एका माणसाच्या मान हलवण्यावर टिकून आहे. मला तिकडचा कायदा शहाणा वाटतो. तरीही खरं सांगायचं तर चालताना पाय इकडे जास्त जागे असतात. फाटक उघडं होतं की बंद, हे पाहून ठेवायचं आणि जसं होतं तसं सोडायचं. बांधाचा दगड पायाखाली हलला तर खाली उतरून तो पुन्हा बसवायचा. कोकरांच्या दिवसांत कुत्रा घरी. मेंढी आपल्याकडे टक लावून पाहू लागली की आपण तिच्या स्वयंपाकघरातून चाललो आहोत असं वाटून मी उगाच आवाज खाली आणते.

कुणी पडलं तर काय, हा प्रश्न कुठल्याही मालकाच्या मनात असणारच. तो कुणी मोठ्यानं विचारत नाही. चढणारे आपला जीव आपल्या हिशोबावर घेऊन येतात, हे सगळ्यांनी मनोमन धरलेलं असतं, आणि कड्यात कुणी काही ठोकून ठेवलेलं नसतं म्हणून ते धरणं सोपं जातं. इथं बोल्ट मारत नाहीत. जो आधार हवा तो स्वतः आणायचा, स्वतः लावायचा, आणि जाताना काढून न्यायचा.

काढून नेणारी मी.

दोराच्या वरच्या टोकाला असते ती माझ्याहून वयानं बरीच मोठी. हाडांची काटक, बोलायला कंजूष, आणि कातळाला हात लावण्याआधी तळवा पँटवर पुसायची सवय असलेली. ती पुढे जाते. भेगेत मूठ घालते, मूठ आतच फुगवून अडकवते, अंग वर खेचते, कमरेच्या पट्ट्यावरून एखादा नट किंवा कॅम निवडून भेगेत बसवते, दोर त्यात अडकवते, आणि पुढे. मी खाली बिले देत, म्हणजे तिचा दोर सांभाळत, उभी. हातातून दोर सरकत जातो, थांबतो, पुन्हा सरकतो. ती दिसेनाशी झाल्यावरही तिचं भय, तिची घाई, तिचा निर्धार, सगळं माझ्या तळव्याला कळत राहतं, कारण दोर खोटं बोलत नाही. मग बराच वेळ काहीच नाही. वारा असा की हाक मारून उपयोग नसतो. आणि मग तीन हिसके. ती पोचली. आता मी.

मागून चढणाऱ्याला सेकंड म्हणतात आणि त्याच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. पडलं तरी दोर वरून धरलेला, म्हणून त्याचं धाडस धाडसात धरत नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही. वरच्यानं जे लावलं ते खालच्यानं काढायचं, हे काम मला इतकं आवडतं की पुढे जाण्याची हौस माझ्यात कधी नीट रुजलीच नाही. नट म्हणजे पाचरीसारखा छोटा धातूचा ठोकळा, तारेला जोडलेला. भेगेच्या अरुंद गळ्यात तो खाली ओढून बसवलेला असतो, आणि वरच्या माणसाला भीती वाटत असेल तर जास्तच घट्ट. प्रत्येक नटात ती भीती मला सापडते. इथं ती निवांत होती, दोन बोटांनीही निघाला. इथं मात्र पाय थरथरत असणार, बघ कसा खोल ठोसलाय. एका हातावर लटकत, गाल थंड कातळाला टेकवून, नट-कीची चपटी पट्टी आत सारायची आणि चाचपायचं. आजी तांदळातला खडा न बघता बोटांनीच ओळखायची, तसं. खालून वर ढकलायचं. जरा डावीकडे. पुन्हा. समुद्र खाली घुमतोय, पोटऱ्या जळतायत, मनगटाला दगडाच्या दाण्यांनी बारीक रक्त काढलंय, आणि अचानक, आतून, टिक्.

सुटला.

मी मान वळवून त्या भेगेकडे पाहते. तिच्यात आता काही नाही. ती होती तशी आहे, अंधारी, ओलसर, वर कुठंतरी जाणारी. माझ्या कमरेला किणकिणाट वाढत जातो आणि माझ्याखालचा कडा रिकामा होत जातो. जितकी मी वर, तितकी खाली आमची खूण कमी.

खोटं कशाला बोलू, खूण अगदीच राहत नाही असं नाही. घामट हातांसाठी लावलेल्या चॉकचे पांढरे ठसे पाऊस पडेपर्यंत दिसतात, लोकप्रिय वाटांच्या पायऱ्या बुटांनी गुळगुळीत झाल्या आहेत, आणि कड्याच्या माथ्यावर गवतात एक पाऊलवाट पडली आहे जी मेंढ्यांची नाही. पण ठोकल्याची खूण नाही. हे आपोआप झालेलं नाही. अमेरिकेत योसेमिटीच्या भेगा पोलादी पिटॉन ठोकून आणि उपटून रुंदावल्या, खरडल्या. तेव्हा ते पिटॉन घडवून विकणाऱ्या इव्हॉन शुइनार्डनंच १९७२ च्या आपल्या कॅटलॉगात सांगितलं की हातोडा घरी ठेवा. दुकानदारानं आपल्याच मालाविरुद्ध बोलावं, हे मला आजही नवलाचं वाटतं. त्याच्याही आधी वेल्समध्ये, स्नोडनच्या आगगाडीच्या रुळांलगत पडलेले नट गिर्यारोहक वेचायचे, त्यांच्या भोकातून दोरी ओवायचे आणि वरच्या कड्याच्या भेगांत अडकवायचे. रुळाचा सांडलेला नट, खिशात पडून, कुणाचा तरी जीव तोलायचा. आजचे रंगीत, गुळगुळीत, क्रमांक कोरलेले नट त्याच वंशातले.

सह्याद्रीत मी बोल्ट वापरले आहेत. आपला कातळ पुष्कळ ठिकाणी असा भुसभुशीत की भेगेवर जीव टाकणं म्हणजे मूर्खपणा. सुळक्यांवर आधी गेलेल्यांनी हातोड्यानं भोकं पाडून ठेवलेल्या बोल्टला मी मनापासून हात जोडले आहेत. त्यांना नावं ठेवणार नाही. पण गडाच्या दरवाज्यावर ऑइलपेंटनं स्वतःचं आणि प्रेयसीचं नाव लिहिणाऱ्याला ठेवीन. डोंगर कुणाचाच नाही, असं आपण लहानपणापासून धरून चालतो, आणि कुणाचाच नाही म्हटलं की तो ज्याच्या हातात डबा त्याचा होतो. आपल्याकडे देवराईतून वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, अशी रीत होती. तिथं मालक होता, फक्त तो दिसत नव्हता. इथला दिसतो. चारचाकी मोटरसायकलवरून, मागे कुत्रा बसवून, तो कुरण ओलांडून जातो आणि हँडलवरचं एक बोट उचलतो. तेवढाच रामराम.

या कातळाची आणि आपल्या कातळाची नात्याची गोष्ट मात्र खरी आहे. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास वाहिला, अँट्रिमचा त्यानंतर काही दशलक्ष वर्षांनी. दोन्हीकडे पृथ्वीचं कवच ताणलं, फाटलं, आणि काळा रस वर आला. फेअर हेडचा रस मात्र उघड्यावर आलाच नाही. जुन्या थरांच्या मधोमध तो शिरला आणि तिथंच, वर दगडाचं पांघरूण घेऊन, सावकाश, अतिशय सावकाश निवला. जवळच्या जायंट्स कॉजवेचे खांब लवकर थंड झाले म्हणून पायाखाली मावतील एवढे; इथले सवड मिळाली म्हणून राक्षसी. कधीकधी भेगेत मूठ फुगवून लोंबकळताना वाटतं, ही भेग म्हणजे कुणा अवाढव्य गोष्टीनं थंड होताना अंग आक्रसलं तेव्हाची. इथला डोलेराइट आणि आपला बेसाल्ट एकाच पोटचे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब बघत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना इथं पहिल्या दिवशी परकं काहीच लागलं नाही, आणि त्या टेकडीला सगळीकडून भिडलेल्या इमारती आठवून इथल्या मोकळ्या कुरणाचा थोडा हेवाही वाटला.

मालक एकच नाही, हे मला फुल्मरनं शिकवलं. दिसायला गरीब, राखी पाठीचा, कबुतरागत गोल डोळ्यांचा हा समुद्रपक्षी कठड्यावर एकच अंडं घालून बसतो, आणि हात त्याच्या फार जवळ आला तर चोच उघडून पोटातलं नारिंगी तेल नेमकं तोंडावर उडवतो. तो वास कपड्यांतून जात नाही. धुतला तरी नाही. एकेक फुल्मर चाळीस-चाळीस वर्षं जगतो. म्हणजे ज्या कठड्याला मी पकडायची जागा समजते, तो कुणाचा तरी माझ्या नोकरीपेक्षा जुना पत्ता आहे. आणि ससाण्याची तर गोष्टच वेगळी. वसंतात बहिरी ससाण्याची जोडी कड्याच्या ज्या भागात घरटं करते, तो भाग पिल्लं उडेपर्यंत सोडून द्यायचा. इथं १९८५ पासूनचा वन्यजीव कायदा आहेच, पण कायद्यापेक्षा लवकर बातमी पोचते ती चढणाऱ्यांच्या आपसातल्या बोलण्यातून: तिकडे जाऊ नका, मादी ओरडतेय. एका मे महिन्यात आम्ही ज्या वाटेसाठी आलो होतो तिच्या माथ्यावर उभे राहून तो आवाज ऐकला. कर्कश, तुटक, पुन्हा पुन्हा. माझ्या साथीदारिणीनं दोर पाठीवर टाकला आणि ती चालू लागली. हवा सुंदर होती, कातळ कोरडा होता, कड्यावर गुलाबी थ्रिफ्टच्या उशा फुलल्या होत्या. मी जरा कुरकुरले. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

कधी तर कडाच दिसत नाही. माथ्यावरून खाली उतरायला जी चिंचोळी घळ आहे तिला ग्रे मॅन्स पाथ म्हणतात, करड्या माणसाची वाट. घळीच्या तोंडावर एक अख्खा खांब कोसळून आडवा अडकला आहे, त्याच्याखालून जावं लागतं. हा करडा माणूस म्हणजे समुद्रावरून येणारं धुकं, असं इथले लोक सांगतात. त्याला मी भेटले आहे. खाली पायथ्याशी उभी होते, ऊन होतं, रॅथलिनचे कडे पांढरे लखलखत होते. मग बेट पुसलं गेलं, मग पाणी, मग धोंडे, मग माझे स्वतःचे बूट. दोर वर जात होता आणि हातभर अंतरावर नाहीसा होत होता. वारा पडला. कुठूनतरी हंस ओरडल्यासारखं झालं. हंस नसतीलही, पण या पाण्यावर दुसरं काही ऐकू येऊ नये अशी गोष्ट इथं सांगतात. लीर राजाची चार मुलं सावत्र आईच्या शापानं हंस झाली आणि नऊशे वर्षांतली मधली तीनशे त्यांनी याच मॉइलच्या समुद्रावर काढली, हिवाळ्यांमागून हिवाळे, एकमेकांना पंखांखाली घेत. तीनशे वर्षं इथं राहून त्यांच्या नावे इथं काहीच नाही. ना घरटं, ना कठडा. एक गोष्ट आहे फक्त.

आमच्या नावांचंही तसंच. जो पहिल्यांदा एखादी वाट चढतो तो तिला नाव देतो, ही या खेळाची जुनी चाल. इथल्या एका वाटेचं नाव गिरोना. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमारातलं त्या नावाचं जहाज पश्चिमेला कॉजवेजवळ फुटलं आणि शेकडो माणसं बुडाली. आणखी एक इक्विनॉक्स, एक हेल्स किचन. कातळावर यातलं एक अक्षर लिहिलेलं नाही. ती मार्गदर्शक पुस्तकात आहेत, आणि संध्याकाळी बॅलीकॅसलच्या पबमध्ये, हवेत हात चालवत भेगा काढून दाखवणाऱ्यांच्या तोंडी. शेतावरच्या माणसांकडे याच जागांची वेगळी नावं असणार. कुठं गाय अडकली होती, कुठं कुंपण वाऱ्यानं गेलं, यावरून पडलेली. त्यांना आमची ठाऊक नाहीत, आम्हाला त्यांची नाहीत, आणि कडा दोन्ही बिनबोभाट वागवतो.

जूनमध्ये इथं चढणाऱ्यांचा मेळा भरतो, कुरणात तंबू उभे राहतात, तेवढे दिवस मेंढ्या दुसरीकडे पाहतात. त्यातल्याच एका संध्याकाळी माथ्यावर आलो तेव्हा दहा वाजत आले होते तरी उजेड संपायचं नाव घेत नव्हता. उत्तरेकडचा जूनचा उजेड, तिरपा, मधाळ, गवताच्या प्रत्येक पात्याला स्वतःची सावली देणारा. बूट काढले. पायांना गवत. आम्ही सगळी अवजारं पसरली आणि वाटणी सुरू केली, तिच्यांवर निळी टेप, माझ्यांवर लाल. शेवटी एक नट उरला. टेप नसलेला, कडेला गंजलेला, तार जराशी वाकलेली. वर येताना एका भेगेत दिसला होता, कुणाच्या तरी सेकंडनं हार मानून सोडलेला. मी त्याच्यापायी इतका वेळ लटकले की वरून दोर दोनदा रागानं ओढला गेला. जो काढेल त्याचा, अशी रीत आहे. तिनं तो हातात घेऊन फिरवला, नख लावून पाहिलं.

"ठेवतेस?"

मी उभी राहिले आणि पलीकडे गवतात पसरलेल्या टोळक्यांकडे बघून जोरात ओरडले, "गिरोनाच्या वरच्या भेगेत कुणाचा नट अडकला होता?"

दूरवरून एक पोरगा ताडकन उठला, दोन्ही हात वर. "माझा! गेल्या वर्षी! देवा, तो निघाला?" आणि अनवाणीच, थ्रिफ्टच्या उशा चुकवत, हातातला बिस्किटांचा पुडा हलवत तो आमच्याकडे धावत सुटला.